वझ्यांचं निळं पिंप

बिंदुमाधव वझ्यांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पीएच.डी. करायचं ठरवलं, ही बातमी सगळ्यांत आधी दुर्गाघाटाच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला कळली. यात भाजीवाल्याचं काही कर्तृत्व नाही. माणसाला काही नवं सुचलं की ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि वझ्यांच्या घरात सांगण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं. भाजीवाला मटार तोलत होता. त्यानं "बहुत अच्छा, बाबूजी" म्हणून पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. वझ्यांच्या उच्चशिक्षणाला समाजाकडून मिळालेली ही पहिली मदत. पुढे समाजानं जे जे दिलं ते पाहता कोथिंबीर बरीच म्हणायची.

काशीत मराठी बोलायची ती घरात. गल्लीत, घाटावर, बँकेत, पानवाल्याकडे सगळा कारभार हिंदीत. घरी आलं की चपला आणि हिंदी दाराबाहेर काढायची, असं वझ्यांच्या घराण्यात पणजोबांपासून चाललेलं. पण या व्यवस्थेत घरात दुसरं कोणीतरी असणार हे गृहीत धरलेलं असतं. मूलबाळ नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी कालिंदीबाई गेल्या. तेव्हापासून वझे चपला बाहेर काढून आत येत आणि गप्प बसत. कधीमधी देवांशी बोलत, पण देवांशी म्हटलं तरी जरा बेतानंच बोलावं लागतं. भाजी करपली, बनियन मिळत नाही, असल्या गोष्टी त्यांना काय सांगणार?

जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. शहराबाहेर नव्यानं निघालेल्या एका विद्यापीठाची. नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाबूंशी वझ्यांचं अजून काम पडतं. विज्ञान, ऊर्जा आणि आरोग्य या तिन्ही क्षेत्रांत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांना संधी, दरमहा शिष्यवृत्ती, आणि वयाची अट नाही. हे शेवटचं कलम बहुधा कोणीतरी शोभेसाठी घातलं असावं. वझ्यांनी ते मनावर घेतलं. शिष्यवृत्तीचं त्यांना अप्रूप नव्हतं, पेन्शन एका माणसाला पुरून उरत होती. त्यांचा जीव अडकला तो अगदी तळच्या ओळीत. निवड झालेल्या प्रत्येकास विभागात स्वतंत्र टेबल-खुर्ची देण्यात येईल, असं तिथं लिहिलं होतं.

टेबल म्हणजे काय, ते ज्याचं गेलंय त्यालाच कळतं. बँकेत वझ्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. दिवसभर लोक येऊन "वझेसाब, जरा देखिए" म्हणत, आणि वझे वैतागत. त्या वैतागाची किंमत निवृत्तीनंतर कळली. आता सकाळ उजाडायची, पेपर वाचून व्हायचा, आणि मग पुढे सबंध दिवस लांबच लांब पडलेला असायचा. एक दिवस आपण गेलो नाही तर "आज वझे आले नाहीत का?" असं कोणीतरी विचारील अशी एक जागा वझ्यांना हवी होती. एवढंच. विज्ञान, ऊर्जा आणि आरोग्य हे सगळं त्यानंतरचं.

आता विषय. वझे भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. खरे, पण माळ्यावरून काढलेल्या जुन्या पुस्तकात त्यांना पहिल्या पानावरची स्वतःची सही तेवढी ओळखू आली. मग सल्ला घेणं आलं. दुर्गाघाटावर सल्ल्याला तोटा नाही. समोरच्या घरात गोपीनाथ भागवत राहतात, रेल्वेच्या पार्सल हपिसातून रिटायर झालेले. हिंदुस्थानात कुठलीही वस्तू कुठूनही कुठे कशी पाठवावी हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याच बळावर ते बाकीच्या विषयांतही बोलतात. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की विज्ञान पोराटोरांचं, आरोग्य डॉक्टरांचं, ऊर्जा तेवढी कोणाचीच नाही, तेव्हा वझेसाहेबांनी ऊर्जा घ्यावी, गर्दी नसेल. पानवाल्याचं मत पडलं की विषय कुठलाही घ्या, पण बनारसवर घ्या, म्हणजे परीक्षकाला बोलता येत नाही. वझे दोघांनाही मनातल्या मनात हसले. आणि शेवटी दोघांचंही ऐकलं.

ऊर्जा त्यांना दाराच्या मागे सापडली. तिथं खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती. पूर्वी देवांवरचं निर्माल्य कालिंदीबाई दर दोन दिवसांनी गंगेत सोडून येत. निर्माल्य पायदळी येऊ नये, कचऱ्यात जाऊ नये, त्यानं वाहत्या पाण्याला लागावं, हा त्यांचा नेम. त्या गेल्यावर वझे फुलं नेमानं पिशवीत टाकत, पण घाटावर एकट्यानं जायला पाय उचलत नसे. "उद्या जाऊ" करता करता पिशवी भरली, फुगली, आणि एका सकाळी फट्‌ करून तिची गाठ सुटली. वास असा आला की वझे दोन पावलं मागे सरले आणि तिथंच थबकले. पिशवी फुगली म्हणजे गॅस झाला. गॅस झाला म्हणजे ऊर्जा झाली. काशीतली सगळी देवळं आणि सगळे देव्हारे मिळून रोज किती फुलं होत असतील? वझ्यांनी नाकाला रुमाल लावला आणि त्या दिवशी गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा आंघोळीआधी चहा प्यायचं विसरले.

मग निळं पिंप आलं. आलं असं म्हणायला सोपं. दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार शिरत नाही, आणि ज्या जागेत दोन माणसांना एकमेकांना वाट द्यायला पोट आत घ्यावं लागतं, तिथून हमालाच्या डोक्यावर हे धूड निघालं. वाटेत गल्लीचा सांड आडवा बसलेला. तो उठेपर्यंत तिथं जमलेल्या प्रत्येकानं वझ्यांना कोणाचं लग्न आहे ते विचारून घेतलं. पिंप गच्चीवर गेलं. पिंपाला झाकण, झाकणाला नळी, नळीला ट्रकच्या टायरची रिकामी ट्यूब. आत शेणाचा काला, त्यात रोजचं निर्माल्य. फुलं कुजली की गॅस होणार, ट्यूब फुगणार. वझ्यांनी हे सगळं गवळ्याला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं शेण दिलं, पण डोकं हलवत दिलं.

एका घरच्या फुलांनी पिंप भरेना, म्हणून वझे सकाळी पिशवी घेऊन मराठी घरांतून निर्माल्य मागायला लागले, आणि इथं त्यांच्या प्रतिष्ठेला पहिला मोठा तडा गेला. ऊर्जा वगैरे कोणाच्या कानात शिरली नाही. वझ्यांनी बायकोच्या नावानं काही व्रत धरलंय असा बोभाटा झाला. बायका पदर सावरून पिशवीत फुलं घालू लागल्या आणि वर "किती करता हो तुम्ही" म्हणू लागल्या. ब्रह्माघाटाकडच्या एका घरात तर म्हाताऱ्या बाईंनी पानावर सुपारी आणि दक्षिणा ठेवून नमस्कार केला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची कर्जं मंजूर केली, त्याला हातावर दक्षिणा. वझे घरी येऊन बराच वेळ ती सुपारी बघत बसले. त्यातच झेंडूच्या वासानं तो सांड त्यांच्या मागे लागला. वझे पुढे, सांड मागे, अशी ती रोजची मिरवणूक पाहायला गोपीनाथ भागवत मुद्दाम ओट्यावर बसत.

विद्यापीठात मार्गदर्शक म्हणून डॉ. पद्मा राय नावाच्या बाई भेटल्या. वयानं वझ्यांच्या मुलीसारख्या. वझे मोठे म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या, त्या गुरू म्हणून वझेही बसेनात, आणि पहिली चर्चा दोघांनी उभ्यानंच केली. बाई मनानं चांगल्या. त्यांना कल्पना आवडली. मात्र मुलाखतीआधी थोडा तरी गॅस काढून दाखवा, नुसत्या बोलण्यावर समिती जागा देणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निघताना वझ्यांनी दारातून विभागाची खोली पाहून घेतली. पाच टेबलं होती. चारांवर पोरं-पोरी मान खाली घालून बसली होती, आणि पाचवं, भिंतीकडचं, रिकामं होतं.

त्यानंतर विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाबूचं पर्व सुरू झालं. बाबू म्हणाला की नोकरी करणाऱ्यानं मालकाचं ना-हरकत पत्र आणावं. वझे म्हणाले, मी निवृत्त झालोय. मग निवृत्त झाल्याला हरकत नाही असं पत्र आणा. बँक म्हणाली, जो आमच्याकडे नाहीच त्याच्याबद्दल आमची हरकत असेल कशी आणि नसेल तरी कशी? तर्क बिनतोड होता. वझ्यांनी आपल्याच बँकेत, आपल्याच जुन्या टेबलासमोर, आपण शिकवून तयार केलेल्या पोराच्या पुढ्यात उभं राहून या बिनतोडपणाचा अनुभव घेतला. शेवटी तेही निभावलं. पण शेवटच्या कागदाशी गाडी अडली ती अडलीच.

तो कागद रॅगिंगविरोधी हमीचा. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पालकानं लिहून द्यायचं असतं, की माझा पाल्य इतर विद्यार्थ्यांना छळणार नाही, आणि छळलं तर जी होईल ती शिक्षा मला मान्य आहे. वझ्यांनी समजावलं की त्यांचे वडील जाऊन एकतीस वर्षं झाली. बाबूनं हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला, मग दुसरे कोणी अभिभावक. भाऊ? नाही. मुलगा? नाही. पुतण्या, भाचा, साला, या शहरात आपलं म्हणावं असं कोणी? बाबू काही वाईट माणूस नव्हता, तो नुसता रकाना भरायला बघत होता. एकेक नातं विचारत गेला आणि वझे एकेकाला नाही म्हणत गेले. मागे रांगेत उभी असलेली पोरं ऐकत होती. नाती संपली तेव्हा बाबूनं लेखणी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "प्रवेशाच्या दिवशी कोणाला तरी घेऊन या, बाबूजी. सहीशिवाय सीट नाही देता येणार." वझे "हो हो" म्हणाले. घरी येताना सांड मागे लागला तेव्हा त्यांना पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

आता हमी नंतरची, आधी गॅस. आणि गॅस होईना. रोज सकाळी पिंपात फुलं पडत, दुसऱ्या दिवशी ती दिसेनाशी होत म्हणजे काल्यात विरली असं वझे धरून चालत, रोज संध्याकाळी ट्यूब चपटी ती चपटीच. वझ्यांनी कारणं शोधली. थंडी फार आहे म्हणावं, तर त्यांनी कालिंदीबाईंनी शिवलेली गोधडी पिंपाला गुंडाळली. मग माकडांनी गोधडी ओढून शेजारच्या गच्चीवर नेली, ती परत मिळवण्यात एक दुपार गेली. झेंडू आंबट पडतो म्हणावं, तर चुना घातला. गोपीनाथ भागवत म्हणाले, वझेसाहेब, पिंपाला दृष्ट लागलीय. वझ्यांनी त्यांना विज्ञानावर एक छोटं व्याख्यान दिलं, आणि कोणी बघत नाही असं पाहून संध्याकाळी पिंपावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

याच सुमाराला वझे पिंपाशी बोलायला लागले. सुरुवात कामापुरतीच होती. काय म्हणतंय आज? बसलं का पोटात काही? मग झाकण लावता लावता एक वाक्य जास्त, नळी तपासताना दोन जास्त, असं करत वाढलं. भाजी करपली ते सांगून झालं. दूधवाला पाणी घालतो ते झालं. आज हिची तिथी आहे आणि मला पुरणाचं एकही माप माहीत नाही, तेही एका सकाळी सांगून झालं. पिंप ऐकून घेई. गोधडी पांघरून ते गच्चीच्या कोपऱ्यात बसलेलं असे, आणि वझे त्याच्याशी अगदी घरच्या मराठीत बोलत.

त्या कोपऱ्याला लागून कमरेएवढी भिंत आहे. पलीकडची गच्ची सप्रे यांची. सप्रेगुरुजी वारून बरीच वर्षं झाली, आता तिथं त्यांच्या पत्नी प्रेमलाताई एकट्याच असतात. कालिंदीबाईंची आणि त्यांची या भिंतीवरून पंचवीस वर्षांची मैत्री. वाटी इकडून तिकडे जायची ती रिकामी कधी परत यायची नाही. कालिंदीबाईंच्या तेराव्याला त्या येऊन गेल्या, आणि तेव्हापासून भिंतीवरून काही आलंगेलं नाही. एकटा पुरुष, एकटी बाई, गल्लीला डोळे फार. वाटेत दिसल्याच तर वझे म्हणत, "बरं आहे ना, वहिनी?" त्या म्हणत, "बरं आहे, भावजी." झालं.

संक्रांत आली. वझे सकाळी पिंपात फुलं टाकून विद्यापीठाला गेले तर फाटक बंद. बनारसात या सणाला खिचडी म्हणतात, आणि खिचडीच्या दिवशी कुठलं कार्यालय उघडं असेल ही आशा पंचांग न बघणाऱ्यानंच करावी. वझे दुपारच्या आतच परतले. ट्यूबवर एक नजर टाकावी म्हणून जिना चढू लागले, आणि अर्ध्यातच थांबले. वर त्यांच्या गच्चीवर कोणीतरी मराठी बोलत होतं.

"आज झेंडूच जास्त आहे बाई, आणि किती ते शेण. शी. देवाच्या अंगावरची फुलं ही, आणि हा माणूस शेणात घालतो. त्याला कळत नाही गं. मनानं वाईट नाही तुझा नवरा, पण कळत नाही. सकाळी जेवत नाही, नुसता चहा नि बिस्किटं. तू म्हणालीस लक्ष ठेव. कसं ठेवू सांग? जाऊन विचारता येतं का मला? म्हटलं, निदान याच्या डोक्यावर पाप तरी चढू नये. गुडघे बोलतात माझे घाटाच्या पायऱ्या उतरताना. पण रोज सोडून येते हो सगळं गंगेत. तू काळजी नको करूस."

वझे जिन्यात उभेच राहिले. विज्ञानाच्या दृष्टीनं त्यांनी त्याच क्षणी धावत जायला हवं होतं. त्यांचा सगळा हिवाळा कोणीतरी झाऱ्यानं उपसून गंगेत सोडत होतं. पण त्यांना हलवेना. इतकं सलग मराठी त्यांच्या घरात दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं, आणि मध्ये खोकलं तर ते थांबेल अशी त्यांना भीती वाटली. त्यांचे डोळे भरून आले. आपल्याच जिन्यात चोरासारखं उभं राहून त्यांनी ते पुसले, आणि मग नाइलाजानं खोकले.

वर गेले तेव्हा प्रेमलाताई एका हातात झारा, नाकाला पदर, समोर बादली, अशा उभ्या होत्या. झाकण बाजूला. बादलीत पिंपातली सकाळची फुलं नीट निथळत ठेवलेली. शेजारी गंगाजळाचा तांब्या, कारण उपसून झाल्यावर पिंपाची शुद्धी म्हणून त्या रोज आत थोडी गंगाही घालत. फुलं काढलेली, झाकण रोज उघडलेलं, काला पाणचट केलेला. या तिन्हीतल्या एकानंही गॅस मेला असता.

वझ्यांना राग यायला हवा होता, आणि आलाही. ते बोलले. दोन महिन्यांचं संशोधन, समितीपुढे काय तोंड दाखवू, विचारायचं तरी होतंत मला, असं सगळं बोलून घेतलं. प्रेमलाताईंनी मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी विचारलं की घरात सिलिंडर असताना हा शेणातला गॅस हवाय कशाला.

"मला बसायला जागा हवी आहे, वहिनी," वझे म्हणाले. "टेबल देणार आहेत ते. चार माणसांत. घरात मला कोणी बोलायला नाही हो."

प्रेमलाताईंनी झारा भिंतीवर ठेवला.

"माहीत आहे मला. रोज सकाळी तुम्ही त्या पिंपाशी बोलता. मला सगळं ऐकू येतं. पुरणाचं मापसुद्धा."

"मग सांगायचंत की."

"मला कुठे विचारलंत? पिंपाला विचारत होतात."

वझ्यांनी पिंपाचं झाकण उचलून जागच्या जागी बसवलं. पतंग उडवणारी पोरं आसपासच्या गच्च्यांवरून आरडाओरडा करत होती. मग प्रेमलाताईंनी हा गॅस झाला की त्याचं करणार काय, ते नीट विचारून घेतलं. जाळायचा, वझे म्हणाले, दिवा लावतात तसा. प्रेमलाताई विचारात पडल्या. फूल कुजून जात नाही, तर दिवा होऊन परत देवापुढे जातं, असं त्यांनी स्वतःशीच दोनदा पडताळून पाहिलं. सप्रेगुरुजींच्या घरात इतकी वर्षं काढलेली बाई, तिला धर्माची वाट शोधता येत नाही असं कसं होईल? पहिला गॅस देवापुढे पेटला पाहिजे आणि पिंपात घालण्याआधी फुलं गंगेच्या पाण्यातून काढली पाहिजेत, या दोन अटींवर त्यांनी विज्ञानाला परवानगी दिली. फुलं बुडवायला घाटावर जाणार कोण हा प्रश्न वझ्यांनी विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून तेच जायला लागले. दोन वर्षं न उचलणारे पाय आता उचलू लागले, कारण परत आल्यावर भिंतीपलीकडून "बुडवलीत ना नीट?" असं कोणी विचारणारं होतं.

काला नव्यानं घातला, झाकण घट्ट बसलं, फाल्गुनात ऊन चढलं, आणि एका संध्याकाळी ट्यूबनं अंग धरलं. भिंतीवर कोपरं टेकून दोघंही तिच्याकडे बघत राहिले. पहिल्या दोन वेळा काडी नुसती विझली. तिसऱ्या वेळी वझ्यांच्या देव्हाऱ्यासमोर निळसर, बारीकशी ज्योत लागली. वझ्यांनी वळून कालिंदीबाईंच्या फोटोकडे पाहिलं, आणि मग ते स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ तिथंच थांबले.

मुलाखतीला जाताना फुगलेली ट्यूब गळ्यात घालण्यावाचून इलाज नव्हता. बनारसच्या रस्त्यांतून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसून एक सुटाबुटातले गृहस्थ गळ्यात टायर घालून चालले आहेत, हे दृश्य पाहून लोकांनी हात जोडले, काहींनी गंगेत पोहण्याची चौकशी केली. फाटकावरच्या शिपायानं ट्यूब बाहेर ठेवायला सांगितली. वझ्यांनी त्याला सांगितलं की आत गेलं तर दोघं जाऊ. समितीपुढे पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत लागेना, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः उठून पंखा बंद केला. ज्योत लागली. खोलीत वासही सुटला. पहिले दोन महिने गॅस का नव्हता, असं विचारल्यावर वझ्यांनी शेजारणीचं नाव न घेता सगळं खरं सांगितलं. समितीतले दोघं हसले, पद्माबाई हसल्या नाहीत. ऊर्जेला जागा एक आणि उमेदवारही एकच होता. गोपीनाथ भागवतांचं गणित बरोबर निघालं, आणि ते त्यांनी पुढे कित्येक महिने विसरू दिलं नाही.

प्रवेशाच्या दिवशी वझे एकटेच निघाले होते. हमीचा कागद त्यांच्या खिशात कोरा होता आणि तो कोणापुढे धरायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. सकाळी पिंपाला मात्र त्यांनी ही अडचण सविस्तर सांगितली होती. गल्लीच्या तोंडाशी प्रेमलाताई उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. "चला," त्या म्हणाल्या. गोपीनाथ भागवत ओट्यावरून बघत होते. बघू देत.

बाबूसमोर बसून प्रेमलाताईंनी तो हिंदी कागद सबंध वाचला. सहीपुरतं बोट ठेवा म्हटल्यावर ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. एका ओळीशी येऊन त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मराठीत म्हणाल्या, "हे मी लिहून देणार नाही. माझा पाल्य कोणाला मानसिक त्रास देणार नाही म्हणे. दिलाय की. दोन वर्षं भिंतीपलीकडे बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत."

बाबू घाबरला. माताजी काय म्हणतायत, असं त्यानं वझ्यांना विचारलं.

"कह रही हैं, लड़का अच्छा है," वझे म्हणाले. मग प्रेमलाताईंकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "पुन्हा नाही देणार."

त्यांनी सही केली. नात्याच्या रकान्यात बाबू अडखळला. प्रेमलाताईंनी सांगितलं, लिहा, शेजारी. असं नातं यादीत नव्हतं, म्हणून बाबूनं 'अन्य' लिहिलं आणि शिक्का मारला. वझे उठले. आत, पाचव्या टेबलाशी त्यांची खुर्ची होती. पण प्रेमलाताई उठेनात. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून वझ्यांच्या हातात दिला आणि बाबूला हिंदीत विचारलं, "इन्हें छोड़ते कितने बजे हैं?"

बाबू म्हणाला, पाच.

"मग साडेपाचला गच्चीवर या," त्या वझ्यांना म्हणाल्या. "चहा टाकून ठेवते. आणि दिवसभरात काय झालं ते आधी मला सांगायचं. पिंपाला नंतर."